'पुन्हा सांगा'चे वाचक

रुपाली देवतळेला कमी ऐकू यायला लागलं तेव्हा ती एका विमा कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये होती. दिवसभर कानाला हेडफोन आणि पलीकडून माणसांची गाऱ्हाणी. आधी तिला वाटलं, लाइन खराब आहे. मग वाटलं, हेडफोन खराब आहे. हेडफोन बदलून झाला, बसायची जागाही बदलून झाली, तेव्हा कुठं ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली. ऐकण्याची नस कमजोर होत चालली होती. आवाज यायचा, पण शब्द हातातून निसटायचे. समोरचा 'सात' म्हणाला की हिला 'आठ' ऐकू यायचं, आणि विम्याच्या कामात तेवढा फरक पुरतो.

कंपनीनं तिला कागदपत्रं तपासायच्या विभागात बसवलं. दोन्ही कानांत यंत्रं आली. यंत्रांची सवय होईपर्यंत वर्ष गेलं, आणि त्या वर्षात तिला एक गोष्ट कळली. ऐकू न येण्यापेक्षा जास्त लागतं ते दुसरंच. आपण विचारतो, "पुन्हा सांगा ना," आणि समोरचा हात झटकून म्हणतो, "काही नाही, जाऊ दे." असं दिवसातून पुष्कळदा व्हायचं. हळूहळू माणूस विचारायचंच सोडतो. ती हिंगणघाटची, मोकळ्या तोंडाची पोर. ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर नुसती हसून मान हलवायला लागली होती.

म्हणून तिनं ईमेलवरचं न्यूजलेटर काढलं. नाव ठेवलं 'पुन्हा सांगा'. दर रविवारी सकाळी एक अंक. यंत्र पहिल्यांदा घातलं की भांड्यांचा आवाज अंगावर का येतो, डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे, कमी ऐकणाऱ्या माणसाशी बोलताना ओरडायचं का नसतं, लग्नाच्या हॉलमध्ये कुठल्या खुर्चीवर बसायचं, असं सगळं. सोप्या मराठीत, थोडं हसत हसत. लिहायची तिला गोडी होती आणि लिहिलेलं वाचनीय होतं. फक्त वाचायला कोणी नव्हतं. हिंगणघाटची मावशी, ऑफिसातल्या काही जणी, नवऱ्याचे मित्र. त्यातले मित्र उघडून बघत नव्हते, हे तिला कॉम्प्युटरवर दिसायचं.

तिचा नवरा तेजस पुण्याजवळ शिवण्याला एका कारखान्यात सुपरवायझर होता. धायरीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एका रविवारी तो म्हणाला, "रील बनव ना. ईमेल कोण वाचून राहिलं आजकाल?"

"ज्याला ऐकू येत नाही, तो रील ऐकणार कसा?"

"खाली अक्षरं टाकायची."

"मग मी अक्षरंच पाठवते ना. तेच तर करून राहिली."

तो चहा करायला उठला.

वाचक कुठून आणायचे, हे तिला कोणी सांगितलं नाही; ते तिला स्वतःवरूनच कळलं. ती बागकामाचं एक न्यूजलेटर वाचायची. त्यात एकदा सांगलीच्या एका बाईंचा पाहुणा लेख, म्हणजे पाहुणी म्हणून लिहिलेला लेख, आला होता, गॅलरीत येणाऱ्या मधमाश्यांवर. लेख इतका सुरेख होता की रुपालीनं तो संपताक्षणी खाली दिलेल्या लिंकवर बोट ठेवलं आणि त्या बाईंच्या स्वतःच्या न्यूजलेटरची वाचक झाली. आठवड्यानंतर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण त्या बाईंना शोधायला गेलो नव्हतो. आपल्या ओळखीच्या घरी त्या भेटल्या, आवडल्या, म्हणून त्यांच्या घरी गेलो.

तिनं एक लेख लिहिला, 'माझं ऐकणं गेलं तेव्हा', आणि मराठीत न्यूजलेटर चालवणाऱ्या सापडतील तेवढ्या सगळ्यांना पाठवला. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकानं कळवलं की आम्ही फक्त कविता घेतो. आणि मग श्यामला पोंक्षे यांचं उत्तर आलं.

श्यामलाबाई शाळेत गृहविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. राहायला कसबा पेठेत. त्यांचं 'ओट्यावरून' हे स्वयंपाकाचं न्यूजलेटर हजारो घरांत वाचलं जायचं, परदेशातल्या मराठी घरांतही. पाककृती अचूक, आणि बोलणं त्याहून. पुरणपोळीत तुपाऐवजी दुसरं काही चालेल का, असं एका वाचकानं विचारलं, तर त्यांनी अंकात छापलं होतं, "चालेल. मग तिला पुरणपोळी म्हणू नये." लोक पाककृतींइतकेच या उत्तरांसाठी वाचत.

रुपालीला आलेलं उत्तर असं होतं: "सौ. देवतळे यांस, लेख वाचला. शुद्धलेखन बरे आहे. लेखात आपण आहात, आपले कान आहेत, आपले न्यूजलेटर तर तीन वेळा आहे. माझे वाचक स्वयंपाक करतात. ते या लेखात कुठेच नाहीत. त्यांना यातून काय मिळेल हे सांगता आले तर पुन्हा लिहावे. न आल्यास लिहू नये. श्यामला पोंक्षे."

तेजसनं तिच्या खांद्यावरून वाचलं. "काय खडूस बाई आहे!"

रुपालीनं ते पुन्हा एकदा वाचलं आणि तिला हसू फुटलं. "खडूस आहे, पण खरं बोलून राहिली. मी दुसऱ्याच्या घरी जाऊन आपलंच रडगाणं लावलं. कोण बसवून घेईल?"

कोणी दुसरी असती तर तिनं तो ईमेल मनाला लावून घेतला असता. रुपालीनं त्यावर काम केलं. 'ओट्यावरून'चे जुने अंक तिनं पहिल्यापासून वाचून काढले. वाचक काय विचारतात, कशावर अडतात, कुठं चुकतात ते पाहिलं. आणि मग ती स्वतःच्या ओट्यापाशी उभी राहून स्वतःकडेच बघायला लागली. यंत्रं काढून ठेवली की तिला कुकरची शिट्टी ऐकू येत नसे, मोहरीची तडतड ऐकू येत नसे. तरी तिचा भात कधी लागला नव्हता आणि फोडणी जळली नव्हती. का? ती नकळत काय काय बघत होती ते तिनं पहिल्यांदाच शब्दांत आणलं. तळताना बुडबुडे आधी मोठे असतात. आतलं पाणी सरत आलं की ते बारीक होतात आणि विरळ होतात, तेव्हा वडी काढायची. शिट्टी व्हायच्या आधी तिचं वजन हलकं थरथरतं आणि ती थरथर ओट्यावर ठेवलेल्या बोटांना कळते. डाळ शिजत आली की तिच्या वासातला कच्चेपणा जातो. हे सगळं ज्यांना उत्तम ऐकू येतं त्यांच्याही उपयोगाचं होतं, कारण स्वयंपाकघरात कुकर असतो तसा मिक्सर असतो, एक्झॉस्ट फॅन असतो आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीसुद्धा.

नवा लेख गेला. त्यात तिच्या न्यूजलेटरचं नाव एकदाच, शेवटी होतं.

उत्तर आलं: "लेख वाचला. यातले निम्मे पटत नाही. शनिवारी सकाळी येऊन करून दाखवावे. येताना काही आणू नये."

शनिवारी ती कसब्यात गेली. रिक्षा आत यायला तयार नव्हती, म्हणून चालत निघाली. तांबट आळीतली ठोकाठोक यंत्रांतून थेट डोक्यात शिरली, तशी तिनं दोन्ही यंत्रं बंद केली आणि निवांत चालत राहिली.

पोंक्ष्यांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. दार श्यामलाबाईंनी उघडलं. किडकिडीत, चष्म्यातून सरळ बघणाऱ्या.

"नमस्कार मॅडम," रुपाली म्हणाली.

"मॅडम मी शाळेत होते. इथे काकू चालेल. चपला बाहेर."

आतल्या खोलीत श्यामलाबाईंचे यजमान, माधवराव, पेपर वाचत बसले होते. टीव्ही मोठ्यानं चालू होता. त्यांनी हसून मान हलवली. रुपाली त्यांना म्हणाली, "नमस्कार काका, मी धायरीहून आले." त्यांनी पुन्हा हसून मान हलवली, पण त्यांची नजर तिच्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती. ते हसणं रुपालीनं ओळखलं.

ओट्यावर सगळी तयारी मांडलेली होती. वाफवलेल्या कोथिंबीर वडीचे उंडे, कुकरमध्ये तूरडाळ, कढई. रुपालीनं दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवली. "आता मला तुमचं ऐकू येणार नाही. बोलायचं असेल तर समोर या," ती म्हणाली आणि कामाला लागली. वड्या एकसारख्या सोनेरी निघाल्या. कुकर तिनं ओट्यावर बोटं टेकवून, वेळेवर बंद केला. श्यामलाबाईंनी एक वडी मोडून पाहिली, डाळ चमच्यानं दाबून पाहिली.

मग त्यांनी कपाटातून कापूस काढला. दोन्ही कानांत गच्च भरला, वरून ओढणीसारखा पंचा गुंडाळला आणि रुपालीला बाजूला व्हायची खूण केली. फोडणीची कढली गॅसवर ठेवली. तेल तापलं, मोहरी पडली. तेवढ्यात त्या हिंगाची डबी घ्यायला वळल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी मोहरीकडे बघितलं नव्हतं; ती तडतडली की हात आपोआप पुढं जायचा. या वेळी काही तडतडलं नाही आणि हातही गेला नाही.

दारात माधवराव आले होते. धूर बघून ते काहीतरी म्हणाले.

"काय?" श्यामलाबाई म्हणाल्या.

माधवराव पुन्हा म्हणाले.

"काय म्हणताय? नीट सांगा ना!"

माधवरावांनी हात झटकला. "काही नाही. जाऊ दे."

कढली काळी झाली होती. श्यामलाबाईंनी गॅस बंद केला, पंचा सोडला, कानातला कापूस काढला. "आत्ता काय म्हणालात तुम्ही?"

माधवरावांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, मग म्हणाले, "मोहरी जळतेय, म्हणालो."

श्यामलाबाईंनी हातातल्या कापसाकडे पाहिलं. घरात रोज कितीदा हे होत असेल, कोण विचारत असेल आणि कोण 'जाऊ दे' म्हणत असेल, हे त्यांच्या चेहऱ्यावरून रुपालीला वाचता आलं. तिनं आपली यंत्रं कानांत घातली आणि जळकी कढली घासायला घेतली.

"ठेवा ती," श्यामलाबाई म्हणाल्या. "लेख घेते मी. शीर्षक बदलेन."

लेख 'फोडणी डोळ्यांनी ऐकावी' या नावानं आला. श्यामलाबाईंनी वर दोनच ओळी लिहिल्या होत्या: "पुढील लेखातील सर्व कृती माझ्या ओट्यावर करून पाहिल्या आहेत. लेखिकेला अचूक जमल्या, माझी मोहरी जळली."

त्या दिवशी रुपालीचा फोन दुपारपर्यंत थरथरत होता. नवा वाचक, नवा वाचक. पुणे, नाशिक, दुबई, कुठली कुठली माणसं. ऑफिसात तिला काम सुचेना. मावशी आणि मैत्रिणींच्या यादीत एका दिवसात शेकडो अनोळखी नावं येऊन बसली. तेजसनं येताना पेढे आणले.

पुढच्या रविवारी तिनं नेहमीसारखा अंक पाठवला, यंत्राच्या बॅटरीवर. आणि आलेल्यांतले बरेच निघून गेले.

तिनं श्यामलाबाईंना फोन केला नाही, कारण फोनवर तिला त्रास व्हायचा, ईमेल केला. उत्तर तासाभरात आलं. "पाहुणे दारापर्यंत मी आणले. आत आल्यावर आपण त्यांना पाणी विचारले का? एकदम बॅटरी हातात दिलीत. ते फोडणी वाचून आले होते."

रुपालीनं तोच अंक स्वयंपाकाच्या वाचकाच्या नजरेनं वाचून पाहिला आणि कपाळाला हात लावला. मग तिनं नव्या वाचकासाठी एक स्वागताचा ईमेल लिहिला. तुम्ही कुठून आलात ते मला माहीत आहे. तिथं जे आवडलं तसंच इथं हे हे आहे. तुमच्या घरात कोणाला कमी ऐकू येतं का, की तुम्हालाच? दोन ओळींत कळवा. लोक कळवायला लागले. एका मुलीनं लिहिलं की आजी हल्ली चिडकी झाली आहे असं आम्ही समजत होतो. एका शिक्षकानं लिहिलं की मागच्या बाकावरच्या मुलांना मी उत्तरं विचारतच नाही, कारण मला ती ऐकू येत नाहीत, आणि हे शाळेत कोणाला माहीत नाही. रुपाली प्रत्येकाला उत्तर द्यायची. ऑफिसची बस, जेवणाची सुट्टी, सगळा वेळ त्यात जायचा.

पाहुणे लेख लिहायची तिची पद्धत आता ठरून गेली. ज्यांच्याकडे लिहायचं त्यांचे जुने अंक आधी वाचायचे. मग त्यांच्या जागी जाऊन उभं राहायचं. ट्रेकिंगच्या एका न्यूजलेटरसाठी ती खरोखर सिंहगड चढली, यंत्रं पिशवीत ठेवून, आणि धुक्यात मागच्याची हाक ऐकू आली नाही तर गटानं एकमेकांना कसं धरून राहायचं ते लिहून आली. बालवाडीच्या बाईंच्या न्यूजलेटरसाठी ती बिबवेवाडीच्या एका बालवाडीत बसली आणि हाक मारल्यावर वळून न बघणारं मूल हट्टी नसेलही, हे त्या बाईंना पटेल अशा शब्दांत सांगितलं. तेजसच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मासिकासाठी तिनं प्रेस मशीनच्या आवाजावर लिहिलं. कानांत बोळे घातले की बायकोला 'काय?' विचारायची वेळ कमी येईल, या वाक्यावर म्हणे कँटीनमध्ये खूप हशा झाला, आणि बोळे घालणारे वाढले.

एकही लेख तिनं दोन ठिकाणी वापरला नाही. तेजस म्हणायचा, "एवढी मेहनत? नाव बदलून तोच पाठव ना." ती म्हणायची, "दुसऱ्याकडं पाहुणं जाताना शिळं घेऊन जाते का कोणी?"

वाचक वाढत होते, हळूहळू पण टिकणारे. अशातच सूरजचा निरोप आला.

सूरज 'सुदृढ सप्ताह' नावाचं आरोग्याचं न्यूजलेटर चालवायचा. त्याचे वाचक लाखांत होते. बोलायला गोड, उत्साही मुलगा. "मॅम, तुमचं काम अमेझिंग आहे. आमच्यासाठी लिहा ना," त्यानं लिहिलं. रुपालीनं नेहमीसारखी तयारी केली. घरातल्या मोठ्या माणसाला कमी ऐकू येतंय हे कसं ओळखावं, तपासणीला जायला त्यांना कसं राजी करावं, असा लेख दिला. त्यात एक वाक्य होतं: नसेमुळे गेलेलं ऐकणं परत येत नाही, पण उरलेलं नीट वापरता येतं.

मंगळवारी सकाळी लेख आला. शीर्षक होतं, 'बहिरेपणावर मात! हिंगणघाटच्या लेकीनं घरच्या घरी असं परत मिळवलं ऐकणं'. ते एक वाक्य गाळलेलं होतं.

ऑफिसला पोचेपर्यंत रुपालीच्या यादीत पूर्वीच्या सगळ्या वाचकांहून जास्त नवे वाचक आले होते. आणि त्यांचे ईमेल. "ताई, उपाय सांगा." "तेल कुठलं?" "माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, ऐकत नाही, बोलत नाही, तुमचा उपाय लागू पडेल का?"

हा शेवटचा ईमेल वाचताच तिनं त्या आईला तिथल्या तिथं उत्तर दिलं, आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा, आजच जा. मग सूरजला लिहिलं. शीर्षक चूक आहे, वाचकांना दुरुस्ती पाठवा.

सूरजनं लिहिलं, "मॅम, वेबसाइटवर बदलतो लगेच. पण दुसरा मेल नाही पाठवता येणार, पॉलिसी आहे. आणि बघा ना, लोक आले की नाही तुमच्याकडे? आता त्यांना हवं ते तुम्ही सांगा."

संध्याकाळी तेजसनं यादी पाहिली आणि तो खुर्चीत बसला. "एवढे! रुपा, एवढ्यासाठी तू वर्षभर धावून राहिली. थोडं थांब. एक-दोन अंक जाऊ दे, वाचतील, हळूहळू समजेल त्यांना."

"ते औषध मागून राहिले, तेजस."

"तू थोडीच म्हटलं औषध आहे म्हणून?"

"माझ्या नावाखाली म्हटलं. दोन अंक जातील तोवर ती आई कोणाचं तरी तेल घालेल पोराच्या कानात."

तेजस खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "लिही. मी स्वयंपाक करतो."

तिनं लिहिलं. विषयाच्या ओळीत: 'उपाय नाही. तरीही थांबायचं असेल तर.' सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, यादीतून बाहेर पडायची लिंक. त्याखाली:

"तुम्ही एका लेखावरून माझ्याकडे आलात. त्याचं शीर्षक खोटं आहे. माझं ऐकणं परत आलेलं नाही. कानांत दोन यंत्रं घालून मी हे लिहीत आहे. माझ्याकडे तेल नाही, काढा नाही, व्यायाम नाही. आपल्याकडे उपाय आहे असं जे कोणी म्हणतात, त्यांना आधी तुमच्या डॉक्टरांसमोर बसवा. लहान मूल ऐकत नसेल तर एक दिवसही घालवू नका. उपायासाठी आला असाल तर वरच्या लिंकनं जा, मी जराही वाईट वाटून घेणार नाही. तुमची निराशा झाली त्याचं मात्र वाईट वाटतं. माझ्याकडे एवढंच आहे: ऐकू कमी येऊनही घरात, कामावर, चारचौघांत कसं राहायचं, ते मी शिकते आहे आणि दर रविवारी सांगते. ते हवं असेल तर थांबा."

बटण दाबताना तिनं डोळे मिटले नाहीत. पहिल्या तासात माणसं रांगेनं निघाली. काहींनी शिव्या दिल्या. एकानं लिहिलं, आशा दाखवून खेळ करता का. रुपालीनं त्यालाही उत्तर दिलं, आणि माफी मागितली, आपली चूक नसताना. दोन दिवसांत नव्यांपैकी बहुतेक सगळे गेले.

तिसऱ्या दिवशी श्यामलाबाईंचा ईमेल आला. एवढाच: "मजकूर वाचला. एके ठिकाणी अनुस्वार जास्त आहे. बाकी काही बदलू नये. या आठवड्यात 'ओट्यावरून'मध्ये पाककृती नसेल. आपली हरकत नसेल तर हा मजकूर असेल."

श्यामलाबाईंनी पाककृती नसलेला अंक त्याआधी कधी काढला नव्हता. त्यावर त्यांनी स्वतःचं म्हणून एकच वाक्य जोडलं: "हजारो वाचक मिळत असताना हे लिहिणारी व्यक्ती माझ्या ओळखीची आहे, याचा मला अभिमान वाटतो." त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींनी नंतर सांगितलं की बाईंच्या तोंडून 'अभिमान' हा शब्द त्यांनी शाळेतही ऐकला नव्हता.

त्या अंकामुळे जे वाचक आले ते आले आणि राहिले. गेलेल्यांतलेही काही परतले. सहा वर्षांच्या मुलाच्या आईनं कळवलं की तपासणी झाली आहे, आता पुढचं मार्गी लागतंय. बागकामाच्या न्यूजलेटरवाल्यांनी लेख मागितला, कवितावाल्यांनीसुद्धा. ज्या दारांवर ती वर्षापूर्वी टकटक करत होती, तिथून आता बोलावणी येत होती.

पण तिला सगळ्यात जास्त आनंद दिला तो एका वेगळ्याच ईमेलनं. पाठवणाऱ्याचं नाव होतं माधव पोंक्षे.

"सौ. रुपालीताई, मी आपला नियमित वाचक आहे. हे घरी ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून बोलले जात नाही. आपण दुसऱ्यांकडे पाहुण्या म्हणून जाता. आपल्याकडे पाहुणे घेता का? घेत असल्यास सोबतचा मजकूर पाहावा."

लेख सोसायटीच्या वार्षिक सभेवर होता. माधवराव मागच्या खुर्चीवर बसले होते आणि काहीही ऐकू येत नसल्यानं सभ्यपणे मान हलवत होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून टाळ्या वाजवल्या, म्हणून त्यांनीही वाजवल्या. घरी आल्यावर शेजाऱ्यांनी अभिनंदन केलं तेव्हा कळलं की ते सोसायटीचे चिटणीस झाले आहेत. पुढं त्यांनी लिहिलं होतं, की त्यानंतर पाण्याच्या टाकीच्या गळतीवर वर्षभर ते मान हलवत राहिले, आणि टाकी गळत राहिली. अखेर त्यांनी सभेत उभं राहून सांगितलं, "मला ऐकू येत नाही. प्रत्येकानं समोर येऊन, एकेकानं, सावकाश बोलावं." त्या सभेत पहिल्यांदाच कोणी कोणाचं बोलणं मध्ये तोडलं नाही, आणि टाकीचा निर्णय झाला.

रुपाली ऑफिसच्या बसमध्ये हे वाचताना इतकी हसली की शेजारची बाई सरकून बसली.

'पुन्हा सांगा'मधला तो पहिला पाहुणा लेख. लोकांनी तो मित्रांना पाठवला, सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकला. मग दुसऱ्यांचे लेख आले. मागच्या बाकाला घाबरणाऱ्या त्या शिक्षकानं लिहिलं, शाळेत सगळ्यांना सांगून टाकल्यानंतर. चिडक्या आजीनं नातीकडून लिहून घेतलं. प्रत्येक लेखाबरोबर त्या माणसाची माणसं यायची, आणि त्यांतली काही तिथंच राहायची. वाचक कसे वाढवता असं रुपालीला आता इतर न्यूजलेटरवाले विचारायचे. ती सांगायची, "आधी त्यांच्या घरी जा. त्यांना काय हवं ते बघा. आणि आपलं नाव एकदाच घ्या."

माधवरावांनी यंत्रं घ्यायला आणखी काही महिने लावले. पहिल्या दिवशी रुपाली मदतीला म्हणून कसब्यात गेली होती. त्यांनी दोन्ही कानांत ती बसवून घेतली, इकडे तिकडे पाहिलं, आणि टीव्हीचा आवाज स्वतःहून कमी केला. श्यामलाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"साखर एक चमचा की दोन?" त्यांनी विचारलं, सावकाश, त्यांच्याकडे बघत.

"कळलं मला. इतकं सावकाश नको," माधवराव म्हणाले. "दोन. आणि आत कुकर होत आलाय, आवाज येतोय."

"कुकर नाही तो. शेजाऱ्यांचा मिक्सर आहे."

"अच्छा," माधवराव म्हणाले, आणि तिघंही खिडकीकडे कान करून तो मिक्सर ऐकत बसले.